जुनी मोटारसायकल घरी खोलून पुन्हा बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खूप चाललेली मोटारसायकल घरच्या घरी खोलून पुन्हा उभी करायला घेतली की जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे एक गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. जुन्या गाडीत खूप माहिती साठलेली असते. कुठला वायसर कशाच्या खाली आहे, केबल कुठून वळली आहे, तेल नेमकं कुठून झिरपतं, कुठले आटे आधीच कुणीतरी बिघडवून ठेवलेत, हे सगळं गाडी जोडलेली असेपर्यंत समोर दिसत असतं. पाना लावला की ते पुसायला सुरुवात होते. म्हणून आधी बघायचं, लिहून ठेवायचं आणि मगच खोलायचं. खोक्यांत पडून राहिलेल्या अर्धवट गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. इंजिनाचा मोठा बिघाड त्यांतल्या थोड्याच गाड्यांना होता. बाकीच्यांच्या बाबतीत कुठला भाग कुठे बसतो हेच कुणाला आठवत नव्हतं.

गाडी पूर्ण खोलायलाच हवी का?

बहुतेक वेळा नाही. गाडी चालू होत असेल आणि ब्रेक लागत असतील, तर आधी तिला एकदा नीट चालवा आणि परत आल्यावर जे जाणवलं ते लगेच लिहून काढा. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा भपका येत असेल तर संशय व्हॉल्व्ह गाईडवर किंवा व्हॉल्व्हच्या सीलवर. जोर दिल्यावर एखादा गिअर उडतो का? ब्रेक लावताना लिव्हर बोटांना ठोके देते का? हँडल सरळ केलं की मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटतं का? गाडी सुटी झाल्यावर यातलं काहीही विचारता येत नाही.

जे चांगलं चाललंय ते उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. कंप्रेशन चांगलं आहे, खालून ठकठक नाही, गिअर नीट पडतात, तेल गळत नाही, मग क्रँककेस, म्हणजे क्रँक आणि गिअर असलेला इंजिनाचा खालचा भाग, उघडायला कारणच उरत नाही. तेच रंगाचं. कंपनीतून आलेला रंग फिका पडलेला, ओरखडे उठलेला असला तरी आधी धुऊन, पॉलिश करून बघा. तो खरवडून काढल्यावर परत आणता येत नाही.

आणखी एक: खर्चाला हात घालण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळतात का ते बघून घ्या. जुळत नसतील तर आधी तो गुंता सोडवा, गाडी नंतर.

इंजिन न उघडता आतली अवस्था कशी कळेल?

कंप्रेशन गेज लावून. इंजिन गरम असावं, प्लग काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारत राहा. आलेला आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. तो कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आता आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांमधून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती भरली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग बघावं लागेल. काही इंजिनांत किक सोपी जावी म्हणून कॅमवर डीकंप्रेसर असतो. तिथे आकडा मुळातच कमी येतो, त्यावरून घाबरू नका.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आहे, किक हलतच नाही. काय करू?

किकवर उभं राहून उड्या मारू नका. रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात आणि जबरदस्ती केली की रिंग मोडते किंवा किकचा दाता जातो. प्लग काढा, आत पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात शिरणारं पातळ तेल, ओता आणि काही दिवस तसंच राहू द्या. रोज थोडं थोडं वाढवत राहा. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकेच डोलवा. एका दिशेलाच जोर लावू नका. इंजिन सुटलं तरी ते लगेच चालू करायचा मोह टाळा. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, काढून आत गंजाचे खड्डे पडले आहेत का ते बघावंच लागतं.

हत्यारं कुठली लागतील?

चांगले रिंग पाने, गोटी पाने, सर्क्लिप पक्कड, नायलॉनचा हातोडा, इम्पॅक्ट ड्रायव्हर, बारीक फटी मोजायचा फीलर गेज, व्हर्नियर, मल्टिमीटर आणि ठरलेल्या जोराने नट आवळायचा टॉर्क रेंच. तोंड झिजलेला किंवा ढिला पाना पैसे वाचवत नाही, तो नटाचे कोपरे गोल करतो. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं वीज तयार करणारं चुंबकी चाक, काढायला त्याच गाडीचा पुलर हवा. मॅग्नेटवर हातोडा चालवून आतले चुंबक फुटलेले आणि क्रँकचं टोक वाकलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

एक बारकी पण फार कामाची गोष्ट म्हणजे जपानी गाड्यांचे चार-खाची स्क्रू. ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. लोक म्हणतात स्क्रू मऊ आहेत. खरं तर बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरच चुकीचा असतो. जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर आणि तशाच टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर जवळ असला की निम्मे तंटे होतच नाहीत.

सुटे भाग कसे ठेवायचे म्हणजे नंतर गोंधळ होणार नाही?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण गाडी पूर्ण होणार की नाही हे इथेच ठरतं.

फोटो काढा, आणि काढताना विचार करून काढा. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा मागच्या बाजूने. केबल आणि वायरिंग फ्रेमच्या कुठल्या बाजूने जातं, क्लिप कुठे आहे, वायसरची कुठली बाजू बाहेर आहे, हे फोटोत दिसायला हवं. पण नुसत्या फोटोंवर विसंबू नका. एक वही ठेवा. फोटोत 'डावीकडचा बोल्ट उजवीकडच्यापेक्षा थोडा लांब आहे' हे दिसत नाही, वहीत लिहिता येतं.

जिथे जमेल तिथे बोल्ट काढल्यावर तो त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवा. हा सगळ्यात चांगला डबा. जिथे जमत नाही तिथे प्रत्येक जोडणीची वेगळी पिशवी करा आणि आत चिठ्ठी टाका. पिशवीवर पेनाने लिहिलेलं तेलकट हाताने पुसून जातं, म्हणून आत चिठ्ठी. इंजिनाच्या बाजूच्या कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार रेखा, भोकं पाडा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. चुकून लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट बसला, पण कव्हर ढिलंच असतं. आणखी पिळलं तर केसिंग तडकतं.

बदलायचे जुने भाग काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका. जुनं ऑइल सील, जुनं पॅकिंग, तुटलेला पाइपसुद्धा. नवीन आणलेला भाग खरंच तोच आहे का हे जुन्याच्या शेजारी धरूनच कळतं. मी एकदा चाकातला एक पातळ स्पेसर कचरा समजून फेकला. नंतर चाक बसवल्यावर ते ब्रेकच्या प्लेटला घासायला लागलं आणि कारण सापडायला दोन शनिवार-रविवार गेले.

खोलायचा क्रम काय असावा?

बॅटरी, सीट, टाकी, बाजूची कव्हरं, सायलेन्सर, कार्बोरेटर, मग वायरिंग, मग इंजिन, मग मागचं चाक आणि स्विंग आर्म, शेवटी पुढचं चाक, शॉकअप आणि हँडल. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा सोडवा. उलट केलंत आणि पाना फ्रेमला लागला तर ठिणगी पडते.

पण या क्रमात एक खोच आहे. इंजिनाचे सगळ्यात घट्ट नट इंजिन फ्रेममध्ये, चेन चढवलेली आणि चाक जमिनीवर असतानाच ढिले करून ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटचा नट सोडवताना कुणीतरी मागचा ब्रेक दाबून धरला की काम सोपं होतं. क्लचचा मधला नट आणि मॅग्नेटचा नट यांचंही तसंच. टेबलावर सुटं ठेवलेलं इंजिन पान्याबरोबर अख्खं फिरतं आणि मग माणूस त्यात नको तिथे पहार अडकवतो.

बोल्ट हलतच नाही, आणि तुटेल अशी भीती वाटते.

भीती वाटते ते बरंच आहे. जाम बोल्टशी घाई केली तर नुकसान ठरलेलं.

लोखंडी बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये बसलेला असेल तर दोन धातूंच्या मध्ये ओलावा शिरून गंज तयार होतो आणि तो जागा भरून टाकतो. आधी तारेच्या ब्रशने आजूबाजू साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल लावा आणि रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके, मध्यम जोराचे काही ठोके द्या. त्या धक्क्याने गंजाची पकड तुटते आणि तेल आत जातं. मग पहिल्यांदा तो किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा आणि नंतर सैल. हललाच तर एकदम काढू नका. पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, तेल, पुन्हा बाहेर.

तरी नाहीच तर उष्णता. तापल्यावर ॲल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून बोल्ट तापवण्याऐवजी त्याच्या भोवतालचं केसिंग तापवायचं. हॉट एअर गन पुष्कळदा पुरते. टाकी, कार्बोरेटर, पेट्रोलच्या चिंध्या आसपास असताना हे करायचं नाही. आणि ज्या भागावर ब्रेक क्लीनर मारला आहे तो वेल्डिंगला किंवा ज्वाळेला द्यायचा नाही. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून तापल्यावर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

डोकं तुटलंच तर शांतपणे कव्हर काढून घ्या. पुष्कळदा उरलेला दांडा बाहेर डोकावत असतो आणि कव्हर निघाल्यावर त्यावरचा ताण गेल्याने तो पकडीनेही फिरतो. दांड्यावर मोठा नट बसवून वेल्ड करणं हा माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. वेल्डची उष्णताच त्याला मोकळं करते. भोक पाडून वापरायच्या उलट्या आट्याच्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा फारसा भरवसा नाही. तो ठिसूळ असतो, आत मोडला तर त्याला ड्रिल लागत नाही आणि साधं दुखणं मोठं होऊन बसतं.

बाकी, जोर लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना हे मॅन्युअलमध्ये बघा. काही इंजिनांत मॅग्नेटचा किंवा क्लचचा नट उलट्या आट्याचा असतो.

ॲल्युमिनिअममधले आटे गेले तर केसिंग बदलावं लागतं का?

नाही. हेलिकॉइल बसवा: जरा मोठं भोक, त्याच्या टॅपने आटे, आत स्टीलच्या तारेचं वेटोळं. मूळ बोल्टच परत लागतो आणि नवे आटे जुन्यांपेक्षा दणकट असतात. ड्रिल मात्र अगदी सरळ जायला हवं.

टाकीत गंज आहे. काढता येईल का?

येईल, आणि बहुतेकदा घरीच. आधी सुरक्षिततेचं बोलू. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. टाकी पाण्याने अनेकदा विसळा आणि सुकवा. वेल्डिंग करायचं असेल तर ते अशा टाक्या नेहमी करणाऱ्या माणसाकडेच.

हलक्या गंजासाठी सायट्रिक ॲसिड उत्तम. एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. पेट्रोलचा कॉक आणि फ्लोट काढून भोकं बंद करा, टाकी काठोकाठ भरा आणि काही तासांनी बघत राहा. जाड पापुद्रे असतील तर आधी मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा आत टाकून पाण्यासकट हलवा. किती नट टाकले ते मोजून ठेवा. बाहेरच्या रंगावर थेंब पडू देऊ नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि त्याची वाफ शेजारी ठेवलेल्या हत्यारांनाही गंजवते.

जास्त गंजाला विजेची पद्धत आहे. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लोंबणाऱ्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही चिकटता कामा नये. सळई स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या प्रक्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्या हवेत करा आणि चार्जर बंद करूनच क्लिपा काढा.

खरी घाई यानंतर. ॲसिड ओतून टाकल्यावर उघडा पडलेला पत्रा काही मिनिटांत तांबूस व्हायला लागतो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, मग साध्या पाण्याने, मग गरम हवेने पूर्ण सुकवा आणि आतून पातळ तेलाचा हात फिरवा. टाकीच्या आत लावायच्या लेपाबद्दल विचाराल तर, पत्रा शाबूत असेल तर लावू नका. नीट न चिकटलेला लेप काही वर्षांनी पापुद्र्यांनी सुटतो आणि कार्बोरेटर बंद पाडतो.

कार्बोरेटर साफ केला तरी गाडी आयडलिंगला थांबत नाही.

पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जिथून येतं ते बारीक जेट. त्याचं भोक इतकं बारीक असतं की सुकलेल्या पेट्रोलचा एक चिकट थेंब ते बुजवतो. जेट उजेडाकडे धरून बघा, गोल प्रकाश दिसायला हवा. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं तर पेट्रोल-हवेचं मिश्रण कायमचं बिघडतं. वायरमधली तांब्याची एक केसाएवढी तार चालते. जेटच्या पुढचे बॉडीतले मार्गही मोकळे हवेत. क्लीनर एका भोकातून मारला की दुसऱ्यातून निघतो का ते बघा. डायफ्रॅम आणि रबरी ओ-रिंग क्लीनरच्या आधी काढून ठेवा, नाहीतर त्या फुगतात.

मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून वहीत लिहा. 'हलकेच' यासाठी की टोकाला जोर दिला तर सुईचं टोक चेपतं. एवढं करूनही आयडलिंग चढ-उतार होत असेल तर कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी पाइप तडकलाय का ते तपासा. वाकवल्याशिवाय त्याच्या भेगा दिसत नाहीत.

हेड आणि ब्लॉक घरी उघडता येतात का?

येतात. स्वच्छ जागा, मॅन्युअल आणि एक निवांत दिवस हवा.

हेडचे नट तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे करत सैल करा. बसवतानाही तसंच, दोन-तीन टप्प्यांत. ब्लॉक वर उचलताना पिस्टनखाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टन पिनची सर्क्लिप निसटून आत पडली तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. ही सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही, नवीच घ्यायची. पिस्टनवरचा बाण कुठल्या बाजूला आहे ते लिहा. पुष्कळ गाड्यांत तो सायलेन्सरच्या बाजूला असतो.

रिंगा तपासायच्या तर रिंग पिस्टनवरून काढून सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननेच सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ही फट मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली असेल तर सिलिंडरचंही माप घ्या, कारण घासलेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा घालून उपयोग होत नाही. बसवताना रिंगांच्या फटी एकमेकींवर येऊ देऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये खाचेत छोटी पिन असते, फट त्या पिनवरच यायला हवी. रिंगवर बारीक अक्षर कोरलेलं असेल तर ती बाजू वर.

व्हॉल्व्ह तपासायला हेड उलटं धरा, पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेने ते झिरपतं का बघा. झिरपलं तर पेस्ट लावून हाताने घासून व्हॉल्व्ह बसवता येतो. पेस्टचा कण न् कण धुवून निघाला पाहिजे. आत राहिलेली पेस्ट इंजिनालाही तशीच घासत राहते.

टायमिंगची खूण जुळवून चेन बसवली की सगळ्यात महत्त्वाचं काम: प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून दोन. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर ते हाताने कळतं. किकने किंवा सेल्फने कळेपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेला असतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, गार इंजिनावर लावा. थोडी टकटक ऐकू आली तर चालेल, पण घट्ट ठेवू नका. व्हॉल्व्ह सीटला टेकतो तेव्हाच आपली उष्णता हेडला देतो. टॅपेट घट्ट असेल तर तो पूर्ण टेकत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

आणि क्रँककेस?

कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ असेल, गिअर उडत असतील किंवा टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची सीलं गेली असतील तर उघडा. टू-स्ट्रोकच्या सीलांकडे काणाडोळा करू नका. गेलेल्या सीलातून हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. दोन अर्ध्यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं मात्र कधीच नाही. जोडाच्या त्या सपाट पृष्ठभागावर एक ओरखडा पुरतो आणि तेल गळत राहतं. निघत नसेल तर कुठेतरी बोल्ट राहिला आहे, तो शोधा.

फ्रेमला पावडर कोटिंग करू की रंग?

दोन्ही चालतं. पावडर कोटिंग दणकट असतं, पण ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजलं जातं, म्हणून रबर, बुश, बेअरिंग सगळं आधी काढावं लागतं. थर जाड असतो. आटे, कोनसेटच्या म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्यांच्या जागा, इंजिन माउंटच्या आतल्या बाजू आणि अर्थिंगची जागा झाकून घ्या. चेसिस नंबर बुजणार नाही हे काम देण्याआधीच बजावून सांगा. आणि रंग चढवण्यापूर्वी उघड्या फ्रेमवर वेल्डच्या कडा भिंगातून बघा, कारण जाड थराखाली तडा लपतो.

स्प्रे गनने टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, रंग मारणार असाल तर ऐका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यामुळे कायमचा दमा लागू शकतो. कागदी मास्क इथे बिनकामाचा आहे, बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर हे काम बाहेर द्या.

सँडब्लास्टिंगला इंजिनाचे भाग पाठवू नका. वाळूचे कण तेलाच्या मार्गांत अडकून राहतात आणि कितीही धुतलं तरी इंजिन चालू झाल्यावर बेअरिंगपर्यंत पोचतात.

सगळे बोल्ट स्टेनलेसचे केले तर?

दिसायला छान, पण सगळीकडे नको. डोक्यावर ८.८ लिहिलेल्या बोल्टची ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल असते, नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ७००. कायमचा ताणला जायला लागण्याची मर्यादा तर आणखी कमी: ६४० विरुद्ध ४५०. मडगार्ड, कव्हर, नंबरप्लेट इथे खुशाल लावा. ब्रेक कॅलिपर, इंजिन माउंट, एक्सल, स्प्रॉकेट इथे मूळ दर्जाचेच बोल्ट हवेत. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये लावताना आटे जाम होऊ न देणारी अँटी-सीझ पेस्ट लावा आणि टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

कोनसेट, चाकांची बेअरिंग आणि शॉकअप: काय बदलायचं?

हँडल मध्यावर अडकत असेल तर कोनसेट बदला, ग्रीस भरून सुटका नाही. वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडलेले असतात. खोलताना खाली कापड पसरा आणि वरच्या-खालच्या गोळ्या वेगवेगळ्या मोजा.

चाकाचं नवं बेअरिंग ठोकताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंवा त्याच मापाची गोटी वापरा. हब तापवला आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये गार केलं तर ते जवळपास हातानेच बसतं. दुसरं बेअरिंग ठोकण्यापूर्वी मधला स्पेसर आत आहे ना, हे दोनदा बघा.

शॉकअपचा पाइप सपाट काचेवर लोळवा. खालून उजेड लुकलुकला तर तो वाकलेला आहे. सील घासतं त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही. दोन्ही बाजूंना तेलाची पातळी सारखी ठेवा.

ब्रेकच्या कामात काय जपायचं?

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

डिस्क ब्रेकमध्ये झाकणावर लिहिलंय तोच फ्लुइड वापरा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलचे असतात. डॉट ५ सिलिकॉनचा असतो आणि तो यांच्यात मिसळायचा नाही. आकडे जवळचे असल्यामुळे इथे चूक होते. ग्लायकॉलचा फ्लुइड हवेतलं पाणी शोषतो, म्हणून उघडी पडून राहिलेली बाटली वापरू नका. आणि तो ताज्या रंगावर सांडला तर रंग उठतो. कॅलिपरची रबरी सीलं पेट्रोलने किंवा ग्रीसने साफ करायची नाहीत. ब्रेकवर शंका असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

वायरिंग नवीन घ्यावं का?

जळलेलं किंवा कुणी जागोजागी कापून टेप गुंडाळलेलं नसेल तर जुनंच ठेवा. विजेचे बहुतेक त्रास जोडांमध्ये असतात. प्रत्येक कनेक्टर उघडा, हिरवट थर साफ करा, पिना थोड्या आवळा. अर्थिंगची जागा धातू चमकेपर्यंत घासा. नवा रंग चढवलेल्या फ्रेमवर हीच चूक सगळ्यात जास्त होते: दिवा मंद, इंडिकेटर वेडेवाकडे, आणि कारण अर्थखालचा रंग.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात असताना १३.५ ते १४.५ यायला हवेत. त्यापेक्षा जास्त तर रेग्युलेटर बघा, वाढतच नसेल तर मॅग्नेटची कॉइल आणि जोड बघा.

टायरला नक्षी भरपूर आहे. वापरू का?

बाजूवरचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. रबर वयानेही कडक होतं. बाजूला भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट बरोबरच बदला आणि चेनच्या जोड-कडीवरच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवा.

सगळं बसवून झालं आणि एक वायसर उरला. चालेल?

नाही चालणार. वही आणि फोटो काढा आणि तो कुठला आहे ते शोधा. नव्या किटमधला जादा निघाला तर उत्तम, पण ते खात्रीने कळू द्या.

पहिल्यांदा चालू करताना काय करायचं?

तेल भरा. मोटारसायकलच्या ओल्या क्लचला चालणारं, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. मोटारीचं निसरडं तेल भरलं तर क्लच घसरतो. प्लग काढून, त्याची टोपी इंजिनाला अर्थ करून, वीस-तीस किका मारा म्हणजे तेल वर हेडपर्यंत चढेल. सोय असेल तर टॅपेटचं झाकण उघडून तेल आलं की नाही ते डोळ्यांनी बघा. मगच प्लग लावा. गाडी उघड्यावर उभी करा, बंद खोलीत सायलेन्सरचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाचा जीव घेतो. अग्निशामक हाताशी ठेवा आणि पेट्रोल गळत नाही हे किल्ली फिरवण्यापूर्वी तपासा.

चालू झाल्यावर खूप वेळ नुसती आयडलिंगला ठेवू नका. नव्या रिंगा सिलिंडरला बसायला थोडा भार लागतो. हळूहळू चालवा, वेग बदलता ठेवा, इंजिन ओढत नाही अशा गिअरमध्ये जोर देऊ नका. पहिली फेरी घराभोवतीच असू द्या आणि परत आल्यावर एक्सल, हँडल, ब्रेक आणि इंजिन माउंटचे नट पुन्हा तपासा. साधारण शंभरेक किलोमीटरनंतर पहिलं तेल काढा आणि ते पांढऱ्या भांड्यात पसरवून बघा. बारीक करडी चमक असणारच. नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवून तो कुठून आला ते शोधा. तेव्हाच गार इंजिनावर टॅपेट पुन्हा मोजा, आरे हलवून ढिले तर नाहीत ना बघा, आणि आलेले आकडे त्याच वहीत, तारखेसकट लिहून ठेवा.